काठावर विणलेलं नाव

चाळीस वर्षं या शहराखाली झोपलो मी.
थंडीत गुडघे पोटाशी घेऊन,
तापात एक कोपरा दातांत धरून,
काठावर विणलेलं नाव
उलट बाजूनं वाचत, जांभया देत.
शहर तेवढं पाहिलं नव्हतं.

आजही पाहायचं नव्हतंच.
निघालो होतो विजापूरला,
घुमटाखाली उभं राहून स्वतःचं नाव ओरडायला.
सात वेळा परत येतं म्हणतात.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीतला माणूस
मान वर न करता म्हणाला,
विजापूर रद्द. पुढची साडेपाचला.
तोवर काय बघू इथं?
त्यानं पेन कानावर ठेवलं,
प्रामाणिकपणे विचार केला.
इथनं लोक तुळजापूरला जातात.
अक्कलकोटला जातात. गाणगापूरला.
आणि इथं?
इथं काय, आम्ही राहतो की.

रिक्षावाला शब्बीर म्हणाला, बसा,
विजापूर पायजे ना तुम्हाला?
पंधरा मिनिटांत गर्दीत उतरवून हसला,
घ्या. विजापूर वेस.
वेस काही दिसेना. नावच होतं दुकानांच्या पाट्यांवर,
खाली शेंगाचटणीचे ढीग,
आणि एप्रिलचं ऊन, तव्यावरून उचललेलं.

चालत राहिलो.
आवाज आधी पायांना लागला, मग कानांना.
खटक् खटक् खटक् खटक्
अख्खी गल्ली एकच वाक्य घोकत होती
नापास झालेल्या पोरासारखी.

आत बनियनवर रामण्णा येमूल,
भुवयांत कापूस.
काय पायजे, विचारलं नाही,
स्टूल पुढं सरकवलं.
चहासाठी हाक मारली तेलुगूत,
सुनेनं आतून मराठीत विचारलं, किती?
शेजारचा पोरगा कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला,
त्यावर सगळे हसले, मीही,
न कळता.
एकदाच मारलेली हाक
अशीही परत येते तर.

मागावर टांगलेली पुठ्ठ्याची पानं त्यानं दाखवली,
भोकाभोकांची.
ह्यात मोर हाय. ह्यात कमळ.
आणि ह्या चार पानांत आमचं गाव.
एक पान उन्हात धरलं त्यानं माझ्यासाठी.
अक्षर दिसलं नाही मला,
त्याच्या गालावर उजेडाचे ठिपके पडले,
देवीच्या व्रणांवर बरोबर बसले काही.

गिरणीचा भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली,
विचारलं मी.
मोजली नाहीत, म्हणाला.
झोप अजून त्याच वेळी मोडते.
उठून बसतो. मग आठवतं.

तुम्ही कुठली चादर घेता पांघरायला?
माग थांबवून हसला तो,
एवढ्या वेळात तेवढाच थांबला माग.
बेचाळीस डिग्रीत चादर?
आम्ही गच्चीवर, उघडे. चटईवर.
चादर तुमच्याकडची थंडी वाजते त्यांना.

निघताना कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून एक काढून दिली.
परत आलेला माल. पान सरकलं होतं.
काठावर लिहिलंय: सोलापू.
पुढं नुसती पांढरी पट्टी, चार बोटांची.
पैसे घेतले. निम्मेच घेतले.
मी जास्त देऊ केले तर रागावला,
र नाही त्यात, म्हणाला, बघून घ्या.

साडेपाचला खिडकीपाशी आलो.
पेन अजून कानावरच.
ही पण रद्द, म्हणाला,
आणि पहिल्यांदाच मान वर करून,
बघितलं काय काय?
सांगायला गेलो तर
मोर, कमळ, चहा एवढंच आठवेना.
हो, म्हणालो. राहतात की लोक.

रात्री फलाटाच्या बाकावर पांघरवेना,
अंथरली.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
हे शहर माझ्या पाठीखाली,
टोचणारं, नवं, खळीच्या वासाचं.
कुशीवर वळलो तेव्हा
गाल नेमका त्या रिकाम्या चार बोटांवर आला.
दूर कुठंतरी रात्रपाळी चालू होती.
नाव ओरडायचं राहिलंच.