डिक्कीतलं वजन

सोहारला पाऊस येतो वर्षातून दोनदा
आणि आला तरी आधी कुणाला खरा वाटत नाही.
बुधवारी रात्री पत्र्यावर काहीतरी वाजलं.
मोतीन झोपेतच म्हणाला, शेजारचा एसी गळतोय.

सकाळी रस्ता काळा, तकतकीत.
दहा महिन्यांचं डिझेल, धूळ, घासलेलं रबर
वर तरंगून आलेलं,
वड्या थापायच्या आधी ताटाला तेल फासावं तसं.
मी वेंगुर्ल्याचा. मला कसली पावसाची भीती,
म्हटलं, आणि किल्ली फिरवली.

क्रेसिडा, एक्क्याण्णवची.
माझ्या नोकरीपेक्षा जुनी, माझ्या दातांपेक्षा शाबूत.
ही ढकलते मागून, वळते पुढून,
आणि दोघांचं पटेलच
अशी हमी कंपनीनेही दिलेली नाही.

सप्टेंबरपासून डिक्कीत एक खोका होता.
खोलीत पाच माणसं, सहाव्या वस्तूला जागा नाही,
म्हणून पगार झाला की तिथेच भरत गेलो:
टँगचे डबे, दूध पावडर, सतीशला ड्रिल मशीन,
दोन ब्लँकेटं, कुकरच्या रिंगा सहा,
कारण सुनेत्राचा माझ्या मापांवर विश्वास नाही.
मंगळवारी कार्गोवाल्याने काट्यावर चढवला.
बासष्ट किलो.
गाडीचं बूड बोटभर वर आलं.
मला वाटलं, बरं झालं, पेट्रोल कमी लागेल.

बंदराकडच्या राउंडअबाउटवर
चाळीसचाही स्पीड नव्हता, देवाशपथ.
पाय जरासा दाबला
आणि मागची चाकं म्हणाली, तू हो पुढे.
शेपूट उजवीकडे निघाली
शांतपणे, जेवणावरून उठून जावं तशी.
ब्रेक.
नको, ब्रेक नको.
शेपूट जाते तिकडे स्टिअरिंग, पाय वर,
असं शेरजमान कधीतरी चहा पिताना बोललेला;
पण हातांनी ते कुठे ऐकलं होतं?
खजुराची झाडं एकदा गेली,
मग पुन्हा तीच झाडं गेली.

थांबलो तेव्हा तोंड आल्या वाटेकडे.
समोर लँड क्रूझर, आत पांढऱ्या डिश्डाशातला म्हातारा.
हॉर्न नाही. काच खाली करून
त्याने पंजा हलवून विचारलं, ठीक?
मी पंजानेच सांगितलं, ठीक.
वायपर तेवढा बोलत राहिला.

शेरजमानने टायरच्या खाचेत शंभर बैशाचं नाणं घातलं.
खाच खोल, नाणं अर्धं बुडालं.
मग उकिडवा बसून कडेचे चार आकडे वाचले.
शेवटचे दोन: बारा.
अकरा उन्हाळे, म्हणाला. हे रबर नाही, भाजलेली वीट.
कोरड्यात चालते. नक्षी बघून फसलास तू.
दोन टायर घाल,
आणि डिक्कीत वजन ठेव थोडं.

वजन होतं, मी म्हटलं.
गेलं कुठे?
वेंगुर्ल्याला.

तो हसेल असं वाटलं होतं.
हात पुसत त्याने नुसतं मागे पाहिलं:
जॅकच्या पलीकडे, ताडपत्रीखाली,
अर्धा भरलेला एक खोका,
वर मार्करने लिहिलेलं मर्दान.

शुक्रवारी सुनेत्राचा फोन.
पाऊस झाला म्हणे तिकडे?
झाला थोडा.
आणि गाडी?
टायर बदलले मागचे.
उगाच खर्च.
उगाच, मी म्हणालो.
खोका पोचायला अजून चाळीस दिवस, बोटीने येतोय.

आता डिक्कीत रेतीच्या दोन गोण्या आहेत.
एकीला भोक आहे, शिवायची राहिली.
मधल्या फटीत काल एक टँगचा डबा ठेवला, नवा.
एकटाच आहे,
प्रत्येक वळणावर घरंगळतो
आणि मी पाय वर घेतो.