तांबूस

डांबरी आली तेव्हा काळी होती.
नुसती काळी नव्हे, नुकत्या ओतलेल्या रस्त्यासारखी,
उन्हात निळी झाक मारणारी.
म्हणून ते नाव.
टोलेफसनांची अर्लीन तिला डॅम्बी म्हणते
आणि बकरी दोन्ही हाकांकडे सारखंच दुर्लक्ष करून
कुंपणाचा खांब खात राहते.

नोंदणीच्या कागदावर मीच भरलं होतं,
रंग: काळा.

चौथ्या उन्हाळ्यात तिच्या पाठीवर गंज चढला.
आधी कण्यावर एक रेघ, मग फऱ्यांवर, मग मानेखाली,
परसात विसरलेल्या कोयत्यावर चढतो तसा.
अर्लीन म्हणाली, ऊन. पडदेसुद्धा विटतात,
ही तर दिवसभर टेकडीवर.
पेंडीच्या दुकानातला ड्वेन म्हणाला, वय.
टोपी काढून त्यानं स्वतःचा दाखलाही दिला.
फोनवर धाकटा भाऊ म्हणाला, थंडी बाधली असेल,
तिळाचं तेल चोळ.
मी चोळलं.
आठवडाभर अख्ख्या विस्कॉन्सिनात
संक्रांतीचा वास येणारी ती एकटीच बकरी होती.

व्हिरोक्वाच्या जत्रेत परीक्षकबाईंनी
कागद पाहिला, बकरी पाहिली,
पुन्हा कागद पाहिला.
हीच का ती?
हीच, मी म्हटलं.
इतक्या ठामपणे मी कुणाचीच
ओळख दिली नसेल, माझी तर नाहीच.

ऑक्टोबरात डॉक्टर हेल्गसन आली.
पाठीकडे तिनं बघितलंच नाही, आधी शेपटी धरली.
टोक दुभंगलेलं, माशाच्या शेपटीसारखं.
मग नळाखालची बादली उचलली,
कडेला बसलेला नारिंगी थर नखानं खरवडला.
तुमच्या विहिरीत लोह फार.
लोह तांब्याला अंगी लागू देत नाही,
आणि तांब्यावाचून केसात
काळा रंग तयारच होत नाही.

म्हणजे तांबं कमी पडलं
म्हणून ती तांबूस झाली.
हे मी मराठीत दोनदा पुटपुटले.
जे अंगात नाही
नेमका त्याचाच रंग अंगावर घेऊन
ती माझ्या बाहीचं बटण चघळत होती.

तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे, कॅप्सूलमध्ये भरलेले.
कॅप्सूल मी खजुरात दडवली.
अर्लीनच्या मेंढ्यांना मात्र चुकूनही नको,
त्यांना हेच विष.
कधी होईल काळी? मी विचारलं.
हे केस नाही, डॉक्टर म्हणाली,
वाढून झालेला केस बदलत नाही.
पुढचे बघा.

जानेवारीत मी गाडीचा परवाना बदलून घ्यायला गेले.
काचेपलीकडच्या मुलीनं मान वर न करता विचारलं,
उंची तीच? डोळे तेच? केस काळे?
मी म्हटलं, काळे.
आता तिनं मान वर केली.
टोपीतून निघालेल्या माझ्या करड्या बटेकडे
क्षणभर बघितलं, आणि कळ दाबली.
मागे रांग मोठी होती.
घरी येताना सगळा रस्ता बर्फाखाली होता,
डांबर कुठेच दिसत नव्हतं,
आणि माझी बादली खरवडून
काय कमी पडलं ते सांगणारं कुणी नव्हतं.

एप्रिलात तिची लोकर सुटायला लागली.
मी कंगवा फिरवते, ती कण्हते, मग डोळे मिटते.
तांबडे पुंजके तारेला अडकतात, चिखलात पडतात,
एक रॉबिन दिवसातून चार खेपा करून ते नेते.
खाली दाट, आखूड, ओल्या रस्त्यासारखं काळं.
ड्रॉवरमधला कागद
मी हात न लावता पुन्हा खरा झाला.

नाकाडाशी मात्र पाच-सहा पांढरे केस.
डॉक्टरला फोन करून विचारलं, यावर काय देऊ?
काही नको, ती म्हणाली, ते वय.

ड्वेनला सांगायला हवं.