नग अकरा

फुलं संपली की लिलीचा दांडा कापायचा,
पानं नाही.
पानं पिवळी पडेपर्यंत खालच्या कंदाला जेवू घालतात,
म्हणाली वृंदा, विनिपेगहून,
तिच्या रात्री साडेदहाला, माझ्या सकाळी नऊला.
मागे नातू रडत होता. ती दोघांशी एकदमच बोलत होती.

मी लिहून घेतलं.
बत्तीस वर्षं माझगावच्या गोदीत स्टोअर सांभाळलंय,
बोल्ट, वॉशर, पितळी झडपा.
माझ्याकडून वस्तू हरवत नाही.

तर मे महिन्यात, चारकोपला तिसऱ्या मजल्यावर,
ग्रिलमध्ये गुडघे दुमडून बसलो
आणि उलथन्यानं कुंड्या उकरल्या
(खुरपं कुठे ठेवतेस, हे विचारायचं राहिलं).
मुळ्या सोडत नव्हत्या. जाड, पांढऱ्या,
कुंडीच्या आकाराच्या होऊन बसलेल्या.

अकरा निघाले.
सात लाल, तीन पट्ट्यांचे,
आणि एक वसईच्या डॉल्सीबाईंनी दिलेला,
जो पाच वर्षांत फुललाच नाही.
त्याचा रंग विचारला की वृंदा म्हणते,
बघू काय निघतं.

धुवायचे नाहीत, माती नुसती झटकायची.
चार दिवस सावलीत,
पेपरवर, एकमेकांना टेकू न देता.
मग जाळीच्या पिशवीत घालून माळ्यावर,
कडुनिंबाचा पाला घालून, कारण आपल्या हवेत
न्हाणीघराचं दारसुद्धा फुगतं.
प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधली:
नग एक, लाल, खिडकीकडचा.
नग दोन, लाल, नळाखालचा.

ती कधी येणार, हे मी विचारलं नाही.
कंद परत कधी लावायचे, ते विचारलं.
दिवाळीनंतर, म्हणाली.

पाचव्या दिवशी मोजले तर सात.
पुन्हा मोजले.
अनुसया भांडी विसळता विसळता म्हणाली,
ते होय? पेपरावर लोळत होते,
टोपलीत टाकले कांद्यांच्या.
बाकीच्यांना जागा नव्हती.
आणि त्या चिठ्ठ्या? कचरा किती करता, साहेब!

टोपली ओट्यावर उपडी केली.
तीच तपकिरी सालं, तेच गोल पोट, तीच वाळली शेंडी.
तीन सापडले, बुडाच्या मुळांवरून.
चौथा आपला कांद्यासारखा कांदा.
वास घेतला. माझं नाक आता कशाचीच हमी देत नाही.
विनिपेगला मध्यरात्र उलटून गेलेली.
सुरी घेतली, उभा चिरला.

डोळ्यांत पाणी आलं नाही,
तेव्हा कळलं, हा कांदा नव्हे.

आत, पापुद्र्यांच्या गर्दीत,
तांदळाच्या दाण्याएवढी हिरवट कळी.
पुढच्या फेब्रुवारीची,
आत्ताच तयार ठेवलेली.
कुणी ऑर्डर न देता.

मध्यरात्र असून फोन लावला.
ती रागावली नाही, हे जास्त लागलं.
बुडखा शाबूत आहे ना?
मग आणखी दोनदा चिरा, चार फोडी करा,
प्रत्येक फोडीला बुडखा राहू दे. राख लावा.
राख कुठून आणू?
उदबत्तीच्या घरात बघा, मी गेल्यापासून
साफ केलं नसेलच तुम्ही.
आणि हात धुवा, विषारी असतो तो.

आणि फुलायला?
तीन वर्षं तरी. चारही धरतील असं नाही हं.
मी काही बोललो नाही.
मग तिनं विचारलं, कुठला होता हो?

सात आणि तीन दहा होतात, एक राहतो;
पण चिठ्ठ्याच नाहीत, तर हिशेब कसला?
बघतो म्हणालो.

त्या रात्री अनुसयानं त्या टोपलीतला
एकही कांदा चिरायला नकार दिला.
आमटी बिनकांद्याची, पातळ.
जेवून वही काढली,
नग अकरा खोडून खाली लिहिलं:
अकरा अ, अकरा ब, अकरा क, अकरा ड.
साठा: वाळूच्या डब्यात, राखेसकट.
रंगाच्या रकान्याशी पेन बराच वेळ थांबलं.
तिथे मी तिचंच वाक्य लिहिलं,
आणि पुढे, सवयीनं, सही केली.