नमुना क्रमांक सतरा

बुराईच्या अंगाला, जिथं सुपडू आप्पाचं शेत संपतं
आणि घळ सुरू होते,
तिथं पत्र्याची एक पेटी पुरलीय.
पाऊस झाला की मी बाटली भरतो,
रात्रभर निवळायला ठेवतो.
सकाळी वर पाणी, खाली माती.
वाळवायची, तोलायची, वहीत लिहायची.
अकरा वर्षं.
बायको म्हणते, लोक दूध मोजतात, तुम्ही गढूळ पाणी.

त्या साली तिघं आली.
टिग्रायच्या डोंगरातली लेतेबर्हान,
झाग्रेबच्या प्रयोगशाळेतली इवोना,
आणि धुळ्याचे मोतीराय सर,
जे त्यांची इंग्रजी आम्हाला सांगत आणि आमची अहिराणी त्यांना,
मध्येच अडखळत.
'घळ' या शब्दाशी मात्र कुणी अडखळलं नाही.
लेतेबर्हाननं बोटानं हवेत एक चीर ओढली,
आप्पानं मान हलवली.

लोखंडी नळी घणानं ठोकत गेलो,
कपाशीच्या दोन तासांत, उतारावर, खाली बांधाशी.
शेवटी म्हसोबाच्या माळावर,
कारण तिथं नांगर कधी लागला नव्हता.
आप्पा म्हणाला, एक वीत चालेल.
नळी दोन वितींची.
नारळ फोडला. मग म्हसोबाला दोन वितीही चालल्या.

दुपारी कळण्याची भाकर मोडता मोडता इवोनानं सांगितलं:
तुमचे वडील तरणे होते तेव्हा
मोठ्या देशांनी वाळवंटात, समुद्रात बॉम्ब फोडून पाहिले,
एकमेकांना दिसावेत म्हणून.
त्याची धूळ आभाळात चढली,
कुठल्याच शिवेवर थांबली नाही,
पावसाबरोबर तुमच्या बाजरीवरही उतरली.
तराजूत येणार नाही एवढीशी.
सीझियम तिचं नाव.
मातीच्या कणाला एकदा धरलं की सोडत नाही.
माळावर ती जेवढी, तेवढी शेतात हवी होती.
जेवढी कमी, तेवढी माती गेली.

आप्पानं भाकर खाली ठेवली.
"भांडन त्यासनं, हिसाब आमना."
सरांनी याचं भाषांतर केलं नाही.

सतरा पिशव्या, परवानग्यांना तीन महिने.
शिंदखेड्याच्या कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय?
माती.
किंमत?
मी शून्य लिहिलं. सरांनी खोडलं.
मग पेन धरून तेही उभेच राहिले.
मागं रांग वाढत होती.
आप्पा हसत होता: आमनी माटी चालनी परदेस,
पासपोर्ट मना नही, तिना.

उत्तर आलं पुढच्या चैत्रात.
सतरा नंबर, उताराचा मधला भाग:
वर्षाला दोन मिलिमीटर.
आप्पाला मिलिमीटर कळेना,
म्हणून मी खिशातलं पाच रुपयांचं नाणं
आडवं धरून दाखवलं.
एवढी?
एवढी. सगळ्या शेतावरून. दर साली.
त्यानं नाणं घेतलं, उलटंपालटं केलं,
शेताकडं पाहिलं.
"लगीनमाबी इतलं कोणी उधळत नही."

लेतेबर्हान थांबली होती.
तिच्या गावात प्रत्येक घर वर्षाचे वीस दिवस
डोंगराला देतं, मजुरी न घेता.
तिनं कोकिळाबाईच्या हातातला दगड काढून घेतला,
उलटा करून बसवला. थोरला खाली,
चपटा तोंडाला, फटीत खडी.
कोकिळाबाईनं तो पुन्हा काढला,
चार बोटं डावीकडं ठेवला.
दोघी बघत राहिल्या.
डावीकडचाच राहिला.

त्या बांधामागं आता ओंजळ-ओंजळ साचतंय.
बाकीचं तापीत, पुढं उकईच्या पोटात,
तिथं त्याला गाळ म्हणतात.
बाटलीत दोन बोटं बसायची, यंदा दीड.
मी वहीत दीडच लिहिलं,
सर म्हणाले, बरोबर, वाढवू नकोस.

इवोनाचा निरोप येतो: आकडे पाठव, लवकर.
ती धूळही तीस वर्षांत निम्मी होते म्हणे,
मग तिच्या निम्मी.
आमची नातवंडं मोजायला बसतील
तेव्हा खुणेला फारसं काही उरलेलं नसेल.
हे ती वाईट बातमीसारखं लिहिते.
मला अजून ठरवता आलेलं नाही.

काल रात्री पाऊस झाला.
बाटली खिडकीत आहे.
पाणी अजून बसलेलं नाही.