मुख्य चालक

उदगीरच्या स्टँडासमोर, झेरॉक्सच्या बाजूला माझं दुकान.
गिऱ्हाईक बहुतेक उमऱ्याचं,
नाहीतर हैदराबादच्या दवाखान्याला जाणारं, स्लीपर, खालची शीट.
नॉर्वे अजून कुणी मागितलं नव्हतं.

हुडगे मामा आले पिशवीत कॅलेंडरचं पान घेऊन.
टायर कंपनीचं. मार्च महिना.
साल कोणतं, ते कोपरा फाटल्यानं कळत नाही.
समुद्रावरून उड्या मारत गेलेला एक रस्ता.
डेपोत कंट्रोलरच्या डोक्यावर ते पान चौदा वर्षं लटकत होतं,
कुणी उलटलंच नाही.
"निलोफर, हा रस्ता मला चालवायचाय.
खिडकीतून बघायचा नाही."

एकतीस वर्षं एसटी.
उदगीर–देगलूर, उदगीर–निलंगा, रात्रीची मुक्कामी गाडी,
शेवटी शेवटी लातूर विनाथांबा.
अपघात एकही नाही, एक म्हैस सोडली तर,
आणि ती स्वतःहून आली होती, असं ते अजून सांगतात.

विमान जमलं. हैदराबाद, दोहा, ऑस्लो.
दोह्यात सात तास.
"जेवणाचा थांबा एवढा मोठा?"
लातूरच्या आरटीओतून परदेशातला परवाना आणला,
त्याला शाळेच्या वहीसारखं प्लास्टिकचं कव्हर.
"कव्हर कामून, मामा?"
"समुद्राचं पाणी उडंल की."

तिथं स्टेअरिंग डावीकडं असतं, हे मीच सांगितलं
आणि पस्तावले.
पुतण्याची उभी बोलेरो, तिच्या डाव्या शीटवर मामा,
हातात कणकेची परात.
गल्लीतली पोरं टायरला टेकून तिकीट मागायची.
शेजारी उजवीकडं महानंदाबाई,
समोर खरं स्टेअरिंग, त्याला हात न लावता,
पदर सावरून गप्प बसलेल्या.

मग गाडीचा फॉर्म.
छोटी, चार दारं, मोफत रद्द करायची सोय.
विमा पुरा की अर्धा?
"पुरा. तिकडच्या म्हशी माझ्या ओळखीच्या नाहीत."
मुख्य चालकाचं नाव. मी टाकलं: मन्मथ शिवराज हुडगे.
खाली लाल अक्षरं आली.
अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर,
आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं.

मामांकडं पेन्शनचं पासबुक.
मामांकडं एसटीचा बिल्ला, सुरक्षित सेवेचा.
तो त्यांनी काउंटरवर ठेवलाही.

महानंदाबाई पोस्टाच्या आरडीचं काम करतात,
दोनशे घरं, दर महिन्याला, पायी.
बँकेच्या साहेबानं मागं लागून दिलेलं कार्ड
त्यांनी बटव्यातून काढलं.
"पण मामी, लायसन लागतं. स्कूटीचं चालत नाही."
त्यांनी दुसरं कार्ड काढलं.
चारचाकी. नऊ वर्षांपूर्वीचं.

पंखा फिरत होता.
शेजारचं झेरॉक्स मशीनही थांबल्यासारखं वाटलं मला.
"कधी?" मामा.
"तुम्ही मुक्कामी असायचात," त्या म्हणाल्या,
"सकाळी सहाचा क्लास होता, तोंडारपाटीपर्यंत.
मास्तर म्हणायचा, बाई, क्लच फार हळू सोडता.
म्हटलं, घाई कुणाला आहे."
"मला सांगितलं नाहीस."
"गाडी कुठं होती आपल्याकडं?"

मामा बराच वेळ बिल्ल्याकडं बघत होते.
मग फॉर्मकडं. मग मला म्हणाले,
"ते दुसऱ्या चालकाचे जादा पैसे लागतात ते किती?"
"दिवसाला हजाराच्या आसपास."
"एकतीस वर्षांचा अनुभव, आणि वर मीच हजार द्यायचे!"
पण हसले. बिल्ला उचलला,
त्याच्या कडेनं काउंटरवर दोनदा वाजवलं.
ठण. ठण.
मी बटण दाबलं.

पावती घेऊन गेले, कॅलेंडरचं पान विसरून.
शटर ओढायच्या आधी मी ते उलटून बघितलं.
मागं एप्रिल.
रस्ता नाही, समुद्र नाही,
ट्रॅक्टरचा एक टायर, नवाकोरा,
अजून कुठंच न गेलेला.