सुईचा वास

हिंदुरावमामा दरसाल उन्हाळ्यात तिरुचीहून येतात,
विट्यात दहा दिवस.
जत्रा, दोन लग्नं, वाटणीची एक बैठक,
आणि परतायच्या आदल्या रात्री बंडीच्या खिशातून
काहीतरी काढतात, जे कुणी मागितलेलं नसतं.

यंदा दोन दात.
एक काळा, तेल दिल्यासारखा, चांदीच्या कडीत बसवलेला.
एक मळकट पांढरा, ब्लेडच्या कागदात.
“शार्कचं हायत. कोकणात मुशी म्हणत्यात, ती.
एक लाखो वर्सांचा दगड झालाय,
एक परवाचा. सांग बघू कुठला.”

मी भूशास्त्राचं दीड वर्ष करून सोडून दिलेली.
एवढं आठवतं, की आपल्या पायाखाली
थंड झालेला लाव्हा आहे, थरावर थर.
विहीर कितीही खाली नेली
तरी समुद्र लागायचा नाही.
आमच्याकडे असले दात येतात ते ट्रॅव्हल्सनं,
वरच्या बर्थवर, गलाई दुकानाच्या हिशेबवहीत दाबून.

“काळा तो जुना,” घरात सगळ्यांचं ठरलं.
मामांचं तर आधीच ठरलेलं :
काळ्याचे सेल्वराजला अठराशे मोजले होते.
पांढरा फुकटचा.
अरियलूरकडच्या चुनखडीच्या खाणीवरचं एक पोरगं,
त्याच्या आईची जोडवी उजळून दिली
त्याबद्दल देऊन गेलेलं.

मी दोन्ही तळहातांवर दोन घेऊन बसले.
कडा दोघांच्याही करवती,
दोघांनीही अंगठ्याला चरा दिला.
बशीवर वाजवले.
काळा बोलला लाकडासारखा,
पांढरा कपाच्या कानासारखा, टिण्ण.
काळ्याचं मूळ नखाखाली किंचित दबलं,
मामांच्या लक्षात आलं ते, पण ते बोलले नाहीत.

“मामा, सुई तापवा.”

माळ्यावरून थोरल्या आजोबांचा चिमटा निघाला,
मूस निघाली, तिच्यात झुरळाची अंडी.
गॅसवर सुई लाल झाली.
मी म्हटलं, आधी एक खात्रीचा ताजा दात पाहिजे,
वास ओळखायला.
तेव्हा मामीनं फळीवरची काडेपेटी आणली.
मंगळवारी काढलेली अक्कलदाढ,
“टाकू का ठेवू कळंना, म्हणून ठेवली.”

दाढेला सुई लागली.
चर्र.
केस जळल्याचा वास,
कोंबडी भाजताना राहिलेल्या पिसांचा.

मग काळा.
चर्र.
तोच वास.

पंखा तेवढा फिरत होता.
मी कापूस स्पिरिटात भिजवून फिरवला,
कापसावर बुटाचं पॉलिश आलं.

मग पांढरा.
सुई टेकवली, धरून ठेवली,
ती आपली आपणच काळी पडत गेली.
धूर नाही, काही नाही.
मामांनी नाक अगदी जवळ नेलं,
जसं ते चाळीस वर्षं दुसऱ्याच्या सोन्याजवळ नेतात.
ज्यांनी दुकानातल्या पोरांना रोज सांगितलं
की पिवळं काय पितळबी असतंय,
ते बराच वेळ सुईकडेच बघत राहिले.

“म्हंजी,” मामी म्हणाली,
“माज्या दाढंचा न् त्या माशाचा वास येकच?”
“येकच.”
तिनं काडेपेटी बंद केली
आणि पदराखाली धरली, का कोण जाणे.

सकाळी स्टँडवर मामांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणातून
काळा दात दिसला, चांदीच्या कडीत.
पॉलिश पुसलेल्या जागी पिवळसर.
मी बघितलेलं त्यांना कळलं.
“आगं, कालपरवापतोर पवत हुता ह्यो,” म्हणाले,
आणि बॅग वर टाकायला वळले.

पांढरा माझ्याकडे आहे, त्याच ब्लेडच्या कागदात.
वजन दोन ग्रॅम तीनशे वीस, मामांच्या अक्षरात.
कधीमधी, घरात कुणी नसताना,
नाकाशी धरते.
कागदाचा वास येतो.