हयातीचा तक्ता

विद्यापीठामागचा माळ.
टिटवीची एकवीस घरटी,
प्रत्येकीपासून दहा पावलांवर चुन्याचा दगड.

अंडी ब्याऐंशी.
फुटली एकोणपन्नास.
उडाली अकरा.

मधल्या वजाबाकीत
मुंगूस, वळवाच्या गारा, एक ट्रॅक्टर
आणि रविवारची मॅच.

वॉचमन बाबालाल मुजावर
सायकल टेकवून रोज विचारतात,
"किती ऱ्हायली ओ?"
मी आकडा सांगते.
"आणि न दिसल्याली?"

त्या रकान्यात
मेली असं लिहायचं नसतं.
पुन्हा भेटली नाहीत, एवढंच.
मी मात्र सतरा नंबरापुढं
गेल्या साली फुली मारलेली.

परवा शिंगणापूरच्या बंधाऱ्यापाशी
चिखलात एक पाय, लाल कडं, सतरा.
माझ्यावरच ओरडत उठली.

खोडरबर नव्हतं.
बोटाला थुंकी लावून
फुली पुसली.
कागद तिथं जरा फाटला.